मूत्राशय काढलेल्या रुग्णांचे मागणीपत्र : थकव्याची नोंद, तपासणी, रजा आणि साहाय्य

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी : वैद्यकीय शिक्षण, कामगार, सामाजिक न्याय व परिवहन विभाग

महोदय,

मूत्राशय काढावे लागलेले स्त्री-पुरुष आणि त्यांचे करणारे घरचे लोक हे आमच्या संघटनेचे सभासद. बहुतेकांवर कर्करोगामुळे ही वेळ आली. काहींचे मूत्राशय क्षयाने आक्रसले होते, काहींचे किरणोपचारानंतर निकामी झाले होते. शल्यविशारदांनी आमचे प्राण वाचवले याची जाणीव आम्हाला आहे. हे पत्र त्यानंतरच्या महिन्यांबद्दल आहे. टाके निघाले, जखम भरली, कागदोपत्री आम्ही बरे झालो. पण अंथरुणातून उठून मोरीपर्यंत जायचे त्राण अंगात नव्हते, त्या महिन्यांबद्दल.

मूत्राशय काढण्याच्या शस्त्रक्रियेची गणना पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियांत होते. साधारण चार ते सहा तास लागतात, कधी जास्तही. पुरुषांमध्ये मूत्राशयाबरोबर प्रोस्टेट ग्रंथी आणि वीर्यकोश काढतात, स्त्रियांमध्ये अनेकदा गर्भाशय व अंडाशयही. कर्करोग असेल तर आसपासच्या लसिकाग्रंथीही निघतात. मग लहान आतड्याचा १५ ते २० सेंटिमीटरचा तुकडा वेगळा करून त्याला दोन्ही मूत्रवाहिन्या जोडतात, त्याचे तोंड (स्टोमा) पोटावर आणतात आणि त्यावर पिशवी बसवतात. आतड्यापासून नवे मूत्राशय करायचे तर ४० ते ६० सेंटिमीटर आतडे लागते. अनेकांच्या अंगात याच्या आधीच सिस्प्लॅटिनच्या केमोथेरपीचे काही डोस गेलेले असतात.

एवढ्यातून गेलेल्या माणसाला तीन ते सहा महिने थकवा राहणे अपेक्षितच आहे. काहींचा वर्षभर जात नाही. हा थकवा रात्रभर झोपून उतरत नाही. सकाळी स्टुलावर बसून अंघोळ करायची, पोट कोरडे करायचे, पिशवी बदलायची. एवढ्यावर दिवसाची निम्मी ताकद संपते आणि माणूस ओल्या केसांनीच पुन्हा आडवा होतो. घरचे घाबरतात, शेजारी आळशी म्हणतात, साहेब विचारतात की रिपोर्ट तर चांगले आहेत ना. डिस्चार्ज कार्डावर याबद्दल एक ओळही नसते, त्यामुळे कोणाला उत्तर द्यायला रुग्णाच्या हाती कागद नसतो. आमची पहिली तक्रार हीच आहे, आणि पुढच्या बहुतेक अडचणी तिच्यातून निघतात.

मागणी पहिली. शासकीय, महापालिका आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील सर्व अंगीकृत रुग्णालयांनी या शस्त्रक्रियेनंतर डिस्चार्ज कार्डासोबत मराठीत दोन पानी सूचनापत्र द्यावे. थकवा किती काळ राहू शकतो, किती चालायचे, सहा ते आठ आठवडे जड वजन का उचलायचे नाही, पिशवी सकाळी काही खाण्यापिण्याआधी बदलणे सोपे का जाते, आणि कोणत्या खुणा दिसल्या तर थांबायचे नाही, एवढे त्यात असावे. ताप, कुशीत दुखणे, लघवी अचानक कमी होणे, सतत उलट्या, पायाला सूज, धाप लागणे ही साध्या थकव्याची लक्षणे नव्हेत. हे सूचनापत्र छापण्याचा खर्च इतका किरकोळ आहे की निधीचे कारण आम्ही मान्य करणार नाही.

दुसरी मागणी आमच्या लेखी सर्वांत महत्त्वाची आहे. थकवा आहे असे सांगितले की "मोठं ऑपरेशन झालंय, होणारच" हे उत्तर मिळते आणि तपासणी तिथेच थांबते. थकव्याची काही कारणे शोधता येतात आणि त्यांवर इलाजही आहे. रक्तस्रावामुळे हिमोग्लोबिन उतरलेले असते. लघवी आतड्याच्या अस्तराला सतत लागत राहिल्याने आम्ल आणि क्लोराइड रक्तात शोषले जातात. रक्तातले बायकार्बोनेट घटते, भूक मरते, वजन उतरते, माणूस गळून जातो. यावर सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या असतात आणि त्या महाग नाहीत. लहान आतड्याचा शेवटचा भाग बी-१२ जीवनसत्त्व शोषून घेतो. तिथले आतडे वापरले गेले की शरीरातला साठा हळूहळू, काही वर्षांनी संपू शकतो; तोवर रुग्णाचा रुग्णालयाशी संबंध सुटलेला असतो आणि हातापायांच्या मुंग्या वयाच्या नावावर जमा होतात. मूत्रपिंडाचा जंतुसंसर्ग आणि पाणी कमी पडणे हीही नेहमीची कारणे. खिन्नता हेही एक कारण आहे, आणि ते विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

म्हणून शस्त्रक्रियेनंतर ६ आठवडे, ३ महिने, ६ महिने आणि १२ महिने, व पुढे दरवर्षी, पुढील तपासण्या विनामूल्य व्हाव्यात : हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, बायकार्बोनेट. बी-१२ वर्षातून एकदा. संसर्गाची लक्षणे असतील तेव्हा लघवीची तपासणी. मनःस्थितीबद्दल दोन साधे प्रश्न प्रत्येक भेटीत. यांतल्या बहुतेक तपासण्या जिल्हा रुग्णालयात होऊ शकतात. बायकार्बोनेटची सोय नसेल तिथे नमुना जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावा. रुग्णाला पाठवू नये. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या माणसाला एका रक्तचाचणीसाठी मुंबईला बोलावणे आम्हाला मान्य नाही. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत रुग्णालयातून सुटल्यानंतरच्या १५ दिवसांचा खर्च पॅकेजमध्ये धरलेला आहे. आमचा थकवा त्या मुदतीत बसत नाही. राज्याने या शस्त्रक्रियेसाठी वर्षभराच्या पाठपुराव्याचे स्वतंत्र पॅकेज जोडावे.

तिसरी मागणी माणसांची आहे, यंत्रांची नव्हे. "पडून राहा" हा सल्ला आपल्याकडे अजून सर्रास दिला जातो. त्याने स्नायू आणखी झिजतात आणि थकवा वाढतो. दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे चालणे, आठवड्या-आठवड्याने ते वाढवणे, जेवणात डाळ, अंडी, दूध, मासे यांतून पुरेशी प्रथिने असणे, आणि कामाच्या मध्ये ठरवून विश्रांती घेणे याने फरक पडतो. मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असेल तर प्रथिने किती घ्यायची हे डॉक्टरांनी सांगावे लागते. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ आणि स्टोमाची माहिती असलेली परिचारिका एकाच ठिकाणी, एकाच सकाळी भेटाव्यात. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात स्टोमाची काळजी घेणाऱ्या प्रशिक्षित परिचारिका आहेत. शासनाने प्रत्येक जिल्ह्यातून किमान दोन परिचारिका अशा प्रशिक्षणाला पाठवाव्यात आणि परत आल्यावर तीन वर्षे त्यांची त्या कामावरून बदली करू नये. शेवटची अट आम्ही मुद्दाम घातली आहे. प्रशिक्षित सिस्टर दुसऱ्या वॉर्डात गेली की ती सोय कागदावरच राहते.

झोपेबद्दल वेगळे सांगायला हवे. नव्या मूत्राशयाला भरल्याची पूर्वीसारखी जाणीव नसते. सुरुवातीचे महिने रात्री दोन-तीन तासांनी गजर लावून उठावे लागते. पोटावर पिशवी असलेल्याला रात्रीची मोठी पिशवी नळीने जोडता येते आणि सलग झोप मिळते. पण ती पिशवी रुग्णालयातून मिळत नाही, बाजारात घ्यावी लागते, आणि परवडत नाही म्हणून माणूस रात्रभर उठत राहतो. पोटावरच्या पिशव्या, त्या चिकटवायच्या चकत्या आणि रात्रीची पिशवी यांचा महिन्याचा पुरवठा जिल्हा रुग्णालयातून मोफत व्हावा. घरात दुसरे कोणी करणारे नसेल तर हा पुरवठा आशा कार्यकर्तीमार्फत घरपोच यावा.

रजा आणि मजुरी. राज्य शासकीय कर्मचाऱ्याला वर्षाला २० दिवस अर्धपगारी रजा मिळते आणि वैद्यकीय दाखल्यावर ती परिवर्तित करता येते. साठा संपला की बिनपगारी. कर्मचारी राज्य विमा योजनेत नेहमीचा आजारपण लाभ वर्षाला ९१ दिवस, वेतनाच्या ७० टक्के आहे. कर्करोगासारख्या दीर्घ आजारांत अटी पूर्ण करणाऱ्याला तो ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत वाढवता येतो. तरतूद चांगली आहे. ती लागू करताना मात्र गाठ निघाली म्हणजे आजार संपला असा अर्थ लावला जातो. आमची मागणी अशी : शस्त्रक्रियेनंतरचा थकवा हे कामावर न येण्याचे पुरेसे वैद्यकीय कारण मानावे आणि दाखल्यात तसे लिहावे. कामावर परतताना पहिले तीन महिने अर्धा दिवस, बसून करायचे काम, आणि पिशवी रिकामी करायला जाण्याची मुभा असावी. राज्य शासनाने याचे परिपत्रक आधी स्वतःच्या कार्यालयांना काढावे. मग खाजगी मालकांना सांगणे सोपे जाईल.

ज्यांना रजा हा शब्दच लागू नाही, ते आमच्यात संख्येने अधिक आहेत. शेतमजूर, फेरीवाले, रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या बाया. चौथ्या आठवड्यात हंडा उचलायला लागलेली बाई स्टोमाशेजारी हर्निया घेऊन परत रुग्णालयात येते, तेव्हा तिच्या निष्काळजीपणाची नोंद होते. घरात पाणी कोणी भरायचे याची होत नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कर्करोगाचा समावेश आहे आणि २०२३ पासून अनुदान महिना १,५०० रुपये झाले. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा मात्र २१,००० रुपये, म्हणजे महिना १,७५० रुपये. या मर्यादेत आज मजुरी करणारे कोणते घर बसते? या शस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठी ती किमान १ लाख करावी, डिस्चार्जपासून ३० दिवसांत मंजुरी द्यावी, आणि पुढचे १२ महिने पुन्हा दाखले मागू नयेत. लागणारा वैद्यकीय दाखला रुग्ण वॉर्डात असतानाच तयार व्हावा. दहा पावले चालून थांबणाऱ्या माणसाला त्यासाठी पुन्हा रांगेत उभे करण्याचे काहीही कारण नाही.

प्रवासाचा प्रश्न मुंबईत रोज दिसतो. लोकलमध्ये दिव्यांग व कर्करुग्णांसाठी राखीव डबा आहे. आमची पिशवी शर्टाखाली असते, थकवा तर दिसतच नाही, त्यामुळे चढल्यावर "तुम्हाला काय झालंय?" हा प्रश्न येतो आणि भरल्या डब्यात पोट उघडे करून दाखवण्याची पाळी येते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत पोटावरची कायम पिशवी नाही. नवा प्रकार जोडण्याचा अधिकार केंद्राला आहे; राज्याने तशी शिफारस करावी. पण त्याची वाट न पाहता शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयाने डिस्चार्जच्या वेळीच एक ओळखपत्र द्यावे. एसटीच्या राखीव आसनांसाठी, शासकीय कार्यालयांतील लिफ्ट आणि स्वच्छतागृहांसाठी, रांगेत बसायला जागा मिळण्यासाठी ते ग्राह्य धरावे, आणि लोकलमध्ये ते चालावे यासाठी राज्याने रेल्वेशी पत्रव्यवहार करावा. कर्करोगाशिवाय अन्य कारणाने मूत्राशय गमावलेल्यांनाही हे ओळखपत्र मिळाले पाहिजे. आज त्यांना कर्करुग्णांच्या सवलती लागू नाहीत आणि शस्त्रक्रिया मात्र तेवढीच मोठी आहे.

यांतल्या कोणत्याही मागणीला नवे रुग्णालय बांधावे लागत नाही. सूचनापत्र, ओळखपत्र, वॉर्डातला दाखला आणि रजेचे परिपत्रक ही कामे तीन महिन्यांत होण्यासारखी आहेत. तपासण्यांचे पॅकेज, पिशव्यांचा पुरवठा आणि परिचारिकांचे प्रशिक्षण यांसाठी आम्ही पुढील अर्थसंकल्पापर्यंतची मुदत मान्य करतो. उत्पन्न मर्यादेला वित्त विभागाची संमती लागेल हे आम्हाला ठाऊक आहे. तो प्रस्ताव कोणत्या तारखेला पाठवला एवढे आम्हाला लेखी कळवावे.

प्रत्येक मागणीवर स्वतंत्र लेखी उत्तर ३० दिवसांत मिळावे आणि शिष्टमंडळाला भेटीची वेळ द्यावी. भेट सकाळी ठेवावी, कारण दुपारनंतर आमच्यातल्या अनेकांची ताकद संपलेली असते. बैठकीची खोली लिफ्टजवळ असावी आणि त्याच मजल्यावर पाणी असलेले स्वच्छतागृह असावे.

आपले,
अध्यक्ष, कार्यकारिणी व सर्व सभासद