अंडवृद्धीची शस्त्रक्रिया : लाज सोडा, भीतीही सोडा

जिवतीच्या डोंगरातला माणूस तापाने फणफणला तर दवाखाना गाठतो. पण अंडकोशात पाणी भरले तर वर्षानुवर्षे धोतरात लपवतो. चालणे अवघड होते, ओझे उचलवत नाही, मजुरी बुडते. घरच्या बाईलाही तो सांगत नाही. म्हणून हा विषय आम्ही कुटुंबाच्या पानावर घेत आहोत.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे हत्तीरोगाचे जिल्हे. घाण पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासामुळे हा रोग पसरतो. अंडवृद्धी हे त्याचेच एक रूप. मात्र प्रत्येक अंडवृद्धी हत्तीरोगाचीच असते असे नाही. ते पाप नव्हे, करणीही नव्हे. सुईने पाणी काढले तर ते बहुधा पुन्हा भरते, जंतू शिरण्याचे भयही असते. खरा उपाय शस्त्रक्रियेचाच.

आधी रक्त, लघवी, साखर, रक्तदाब तपासतात. आपल्या भागात सिकलसेल पुष्कळ आहे. घरात कोणाला असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, कारण भूल देताना त्यांना जास्त काळजी घ्यावी लागते. सांगितले तितके तास उपाशी राहा. तंबाखू, बिडी, दारू बंद ठेवा.

बहुधा पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. माणूस जागा असतो, पण दुखत नाही. लहानसा छेद घेऊन पाणी काढतात आणि ते पुन्हा साचू नये म्हणून पिशवी उलटवून शिवतात किंवा कापतात. साधारण अर्धा ते एक तास लागतो. कधी एक-दोन दिवस बारीक नळी ठेवतात.

नंतर सूज येते, ती ओसरायला काही आठवडे लागतात. म्हणून ‘ऑपरेशन फसले’ असे समजू नका. घट्ट लंगोट वापरा, जखम कोरडी ठेवा. महिनाभर नांगर, पाण्याची गुंडी, लाकडाची मोळी, सायकल नको. ताप आला, पू झाला, रक्त थांबेना किंवा सूज झपाट्याने वाढली तर त्याच दिवशी दवाखान्यात जा.

ही नसबंदी नव्हे. पुरुषत्व जात नाही. संसारसुख कधी सुरू करायचे ते डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा.

घाईचा आजार नसल्यामुळे कापूस वेचणी आटोपल्यावरचा महिना निवडता येतो. पण अचानक असह्य दुखले तर थांबू नका. खोकताना गाठ वाढत असेल तर तो हर्निया असू शकतो, तोही दाखवा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत.

भगिनींनो, घरधनी बोलत नसेल तर विषय तुम्ही काढा. आणि महिनाभराची मजुरी बुडणार, त्याची तजवीज दोघांनी मिळून आधीच करा. त्या महिन्यात भावकीने त्याच्या शेतावर चार दिवस हात लावला, तर तो माणूस पुढची वीस वर्षे ताठ चालेल.