'खासगी' म्हणजे कोणाचे?

खासगी शाळा, खासगी बस, खासगी गोष्ट असे शब्दप्रयोग आपण नित्य करतो. जे सरकारी किंवा सार्वजनिक नाही ते खासगी, हा अर्थ इतका अंगवळणी पडला आहे की जुन्या कागदांतही आपण तोच वाचतो. माझ्या मते ऐतिहासिक साधनांच्या वाचनातील ही गंभीर चूक आहे.

'खास' या मूळ अरबी शब्दावरून फारसीमार्गे मराठीत आलेले हे विशेषण पूर्वी राज्यकर्त्याच्या घरकारभाराशी निगडित होते. तो कारभार पाहणारे ते 'खासगीवाले'. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना १७३४ मध्ये खासगी जहागीर मिळाली. होळकरांच्या व्यवहारात 'खासगी' आणि 'दौलत' अशी विभागणी होती. पुढे अहिल्याबाईंनी देशभर बांधलेली मंदिरे, घाट व धर्मशाळा यांना या खासगीचाच मोठा आधार होता. आज ज्याला आपण लोकोपयोगी म्हणू, ते कार्य 'खासगी' द्रव्यातून झाले.

रत्नागिरीच्या खोती गावांत हाच शब्द निराळा अर्थ धारण करतो. खोताने व्यक्तिशः धारण केलेली जमीन 'खोती खासगी'. खोतीच्या अधिकाराशी जोडलेली, पुष्कळदा कुळांनी कसलेली जमीन 'खोती निसबत'. येथे 'खासगी'चा विरुद्धार्थी शब्द 'सरकारी' नव्हे, तर 'निसबत' आहे. १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्यानंतर या भेदाला फार महत्त्व आले. खासगी जमिनीचा भोगवटा खोताकडे राहिला, तर निसबत जमिनीवरील कायम कुळाला स्वतः भोगवटादार होता आले. बोटखतातील एका विशेषणावर एखाद्या कुटुंबाची पिढ्यान्‌पिढ्यांची शेती अवलंबून होती.

केवळ व्युत्पत्ती पाहून अर्थ कळतो, असे काही अभ्यासक मानतात. व्युत्पत्ती शब्द कोठून आला हे सांगते. तो कोठे पोहोचला हे सांगत नाही. म्हणून विशेषण वाचताना दोन प्रश्न विचारावेत: हा कागद कोणाच्या दप्तरातला, आणि या शब्दासमोर तेथे कोणता शब्द उभा आहे? होळकरांकडे 'दौलत', कोकणात 'निसबत', आज 'सरकारी'. विरुद्ध शब्द बदलला की अर्थही बदलतो. आपल्या घरी जुने जमिनीचे कागद असतील, तर शब्दकोश उघडण्यापूर्वी हे दोन प्रश्न त्यांना विचारून पाहा.