"होईल सवय" म्हणणाऱ्यांना

माणसाला दोन शब्दांत वाटेला लावायचं असेल तर मराठीत "होईल सवय" हे शब्द पुरेसे आहेत. नवी सून असो, आडगावी बदली झालेला मास्तर असो की कवळी बसवलेला म्हातारा, सगळ्यांना एकच औषध. आता या रांगेत रात्री सीपॅप लावून झोपणारे आम्ही लोकही आलो आहोत.

ज्यांच्या घरात हे यंत्र नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काही जणांचे इतके सैल पडतात की श्वासाची वाटच बंद होते. दहा-वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, माणूस मोठ्याने श्वास ओढतो, आणि पुन्हा तेच, रात्रभर. हाच स्लीप अ‍ॅप्निया. सीपॅप म्हणजे मास्कमधून हवेचा सतत दाब देणारा पंप. त्या दाबाने घसा मिटत नाही. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी हा उपाय शोधला आणि १९८१ साली 'लॅन्सेट'मध्ये पाच रोग्यांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. तोपर्यंत गंभीर रोग्याच्या गळ्याला भोक पाडणं हाच खात्रीचा इलाज होता. म्हणजे सलिव्हनसाहेबांचे उपकार केवढे ते बघा!

मी स्वतः नऊ वर्षं हे यंत्र लावतो. दुपारी पेपर वाचता वाचता मान पडायची ती थांबली, सौ.ला रात्री उठून मला हलवावं लागत नाही. तेव्हा यंत्राविरुद्ध माझी तक्रार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं "यंत्राने फुप्फुसं आळशी होतात" हे ज्ञानही मला मान्य नाही. यंत्र बंद केलं की त्रास परत येतो, कारण रोग बरा झालेला नसतो. चष्मा काढल्यावर अक्षरं पुसट दिसतात, म्हणून कोणी चष्म्याला दोष देतं का?

माझं भांडण आहे ते "हवाच तर आहे, हवेचे कसले दुष्परिणाम" असं म्हणणाऱ्यांशी. यंत्र घरी आलं त्या दिवशी दुकानाच्या मुलाने दहा मिनिटांत पट्टे आवळले, सही घेतली आणि तो गेला. पंधरा दिवसांनी मी फोन करून सांगितलं, तोंडाला कोरड पडते, जीभ टाळूला चिकटते. उत्तर मिळालं, "होईल सवय, काका." डॉक्टरांकडे गेलो. तिथेही तेच, फक्त "काका"च्या जागी "सर".

अहो, वर्गात मागच्या बाकावरचा मुलगा फळ्यावरचं दिसत नाही म्हणाला तर आपण त्याला पुढे बसवतो. "होईल सवय" म्हणत नाही.

कोरड पडते ती झोपेत तोंड उघडून हवा तिथून निघून जाते म्हणून. त्यावर पाण्याची टाकी असलेला ह्युमिडिफायर आहे, हनुवटीचा पट्टा आहे, नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क आहे. आणि ही नुसती गैरसोय नाही. लाळ दातांचं रक्षण करते. वर्षानुवर्षं रात्री तोंड सुकत राहिलं तर दात किडायला वाव मिळतो. सकाळी डोळे लाल होतात कारण नाकाच्या वरच्या टोकाशी मास्कमधून हवा निसटून डोळ्यांवर येते. नाकाच्या हाडावर वळ उठतो तो पट्टे फार आवळल्यामुळे, आणि पट्टे आवळावे लागतात ते बहुधा मास्कचं माप चुकलेलं असतं म्हणून. आमच्या वयात आणखी एक भानगड आहे. रात्री कवळी काढून ठेवली की गाल आत जातात आणि दिवसा बसवलेला मास्क रात्री बसत नाही. मास्क देताना "कवळी आहे का" एवढं तरी कोणी विचारावं!

आता हळूहळू होणाऱ्या गोष्टींबद्दल. २०१० साली 'चेस्ट' या नियतकालिकात जपानमधल्या ४६ रोग्यांचा अभ्यास आला होता. दोन वर्षांहून जास्त काळ नाकाचा मास्क लावल्यावर डोक्याच्या क्ष-किरण चित्रांत वरचा जबडा आणि पुढचे दात किंचित मागे सरकलेले दिसले. रोग्यांना स्वतःला मात्र हा बदल जाणवला नव्हता. म्हणून तर दातांच्या डॉक्टरांना "मी रात्री मास्क लावतो" हे सांगायला हवं. वजनाचंही तसंच. यंत्र लावलं की आपोआप बारीक होऊ अशी अनेकांची समजूत असते. अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा २०१५ साली घेतला तेव्हा उलट वजन थोडंसं वाढलेलं दिसलं. फार नाही, पण ज्या रोगाच्या मुळाशी बऱ्याचदा वजनच असतं तिथे हे सांगून ठेवायला नको का? काही जणांचा घसा यंत्राने उघडा राहतो, पण मेंदूच श्वासाचा हुकूम द्यायचा थांबतो. बहुतेकांचं हे काही आठवड्यांत आपोआप थांबतं, सगळ्यांचं नाही. ते कळायला यंत्रातली नोंद कोणीतरी उघडून वाचावी लागते. माझ्या यंत्रातलं कार्ड पहिली दोन वर्षं कोणी बाहेरसुद्धा काढलं नव्हतं.

आणि "हवाच तर आहे" म्हणणाऱ्यांनी जून २०२१ आठवावा. फिलिप्स कंपनीने आपली लाखो यंत्रं परत बोलावली. आवाज कमी व्हावा म्हणून आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण आणि वायू श्वासावाटे आत जाऊ शकतात, हे कारण होतं. पुढे कंपनीने तपासण्या करून धोका फारसा नाही असं सांगितलं, पण त्या तपासण्या पुरेशा नाहीत असं अमेरिकेच्या एफडीएने २०२३ साली म्हटलं. मास्कच्या पट्ट्यांतल्या लोहचुंबकांचंही असंच झालं. पेसमेकर बसवलेल्या माणसाने, किंवा त्याच्या शेजारी झोपणाऱ्याने, ते जवळ ठेवू नयेत असा इशारा २०२२ पासून दिला जातो आहे. आमच्या सकाळच्या कट्ट्यावर तीन पेसमेकरवाले आहेत. हे त्यांना कोण सांगणार, पट्टे आवळणारा मुलगा?

डॉक्टर मंडळी यावर म्हणतात, असं सगळं सांगत बसलो तर लोक घाबरून यंत्र लावणारच नाहीत. मला हे पटत नाही. लोक यंत्र सोडतात ते न ऐकलेल्या तक्रारींमुळे. २०१६ साली 'सेव्ह' नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या २७१७ माणसांवर. त्यात भारतातलेही रोगी होते. यंत्राने दिवसाची पेंग कमी झाली, मन सुधारलं. पण हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात कमी झाले नाहीत. यंत्राचा वापर होता रात्रीला सरासरी ३.३ तास! अर्ध्या रात्रीपुरतं औषध घेऊन पूर्ण गुण कसा यावा?

आमच्या कट्ट्यावर एक निवृत्त एसटी कंडक्टर आहेत. त्यांच्या पोटात हवा जायची, सकाळी पोट नगाऱ्यासारखं, ढेकरांवर ढेकर. याला उपाय आहेत. दाब कमी करून बघता येतो, श्वास सोडताना दाब उतरवण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते, उशी उंच करून किंवा कुशीवर झोपूनही फरक पडतो. त्यांना यातलं काही कोणी सांगितलं नाही. ते तीनदा दुकानात गेले आणि तीनदा "होईल सवय" ऐकून परतले. चौथ्यांदा त्यांनी यंत्र खोक्यात घालून माळ्यावर टाकलं. आता ते रात्रभर घोरतात आणि दिवसा नातवाला मागे बसवून स्कूटरवरून शाळेत सोडतात. परवा सिग्नलला उभ्या उभ्या डोळा लागला म्हणून हसत सांगत होते.

फार काही मागत नाही मी. यंत्र विकताना पावतीवर त्याचा नंबर लिहा, म्हणजे उद्या परत बोलवायची वेळ आली तर माणूस सापडेल. महिन्याने एकदा बोलावून कार्ड वाचा. दोन-तीन मापांचे मास्क आडवं झोपवून लावून बघा, खुर्चीत बसवून नव्हे. वर्षातून एकदा दाब तपासा, कारण माणसाचं वजन तेच राहत नाही.

कंडक्टरसाहेबांना म्हटलं, चला, मी येतो बरोबर, दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊ. ते म्हणाले, "मास्तर, दिवाळी होऊ द्या." मी सोमवारची वेळ घेऊन ठेवली आहे.