कुत्रे चावते शिवारात, सुई जिल्ह्याच्या गावात!



गेल्या हिवाळ्यात लेकीकडे कोल्हापुरात, मंगळवार पेठेत चार दिवस राहिलो. तालमींची आणि फुटबॉलवेड्या पोरांची पेठ. सकाळी दूध आणायला निघालेल्या एका पोराच्या पोटरीला कुत्र्याने धरले. बोळातल्या म्हातारीने त्याला नळाखाली बसवले, कपड्याच्या साबणाची वडी घेतली आणि पाव तास पाय धुतला. मग रिक्षा. दुपारच्या आत पोराला लसही मिळाली आणि जखमेत सीरमही गेले. शहरात सीपीआरसारखे मोठे सरकारी रुग्णालय आहे, रिक्षाच्या भाड्यात पोचता येते.

आता आपल्याकडचे ऐका. माझ्या सालदाराला वेचणीच्या दिवसांत पिसाळलेले कुत्रे हाताला चावले. आधी जखमेत चुना आणि तिखट. मग बुवाचा दोरा. दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात एक सुई आणि हातात चिठ्ठी: सीरम इथे नाही, जिल्ह्याला जा. दोन दिवसांची मजुरी आणि एसटीचे भाडे घालून तो गेला आणि वाचला.

दोष कोणाचा? अर्धा आपला, अर्धा सरकारचा. आपला आधी सांगतो, कारण सरकारला शिव्या घालणे सोपे असते.

बोंडअळी एकदा बोंडात शिरली की वरून कितीही फवारा, पंप रिकामा होतो, अळी मरत नाही. रेबीजचे तसेच आहे. कुत्र्याच्या लाळेतले विष आधी जखमेत असते, मग नसेच्या वाटेने मेंदूकडे सरकते. हात, तोंड, मान यांना चावले तर वाट जवळची. मेंदूत शिरून माणूस पाण्याला घाबरू लागला की जगातला कोणताही डॉक्टर हात टेकतो. जे करायचे ते त्याआधी. म्हणून साबण आणि वाहते पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटे. टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या गावात हे महाग वाटेल, पण त्या दिवशी हंडे मोजू नका. चुना, तिखट, हळद, घासलेट, तंबाखू यांनी विष मरत नाही, जखम तेवढी चिघळते. पट्टी आवळू नका, टाके घालायची घाई करू नका.

पोटातल्या चौदा सुयांची भीती अजून गेलेली नाही. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस २००४ अखेर देशात बंद झाली. आता सुई दंडात. पहिली घेतली तो दिवस शून्य धरून तिसरा, सातवा, चौदावा आणि अठ्ठाविसावा दिवस. कातडीत देण्याच्या पद्धतीत चौदाव्या दिवसाची नसते. कुत्रे दहा दिवस धडधाकट राहिले तर पुढच्या सुयांचे डॉक्टर ठरवतील, पण त्याची वाट बघत पहिली सुई लांबवू नका.

फेब्रुवारी २०२४ मध्ये कोल्हापुरातच एक तरुणी लस घेऊनही रेबीजने गेली. तेव्हापासून लोक म्हणतात, लसीत काही राम नाही. हे बोलणे घातक आहे. लसीने अंगात ताकद यायला आठ-पंधरा दिवस लागतात. तोवर विषाला जखमेतच अडवते ते सीरम. रक्त निघालेला चावा असेल तर लस आणि सीरम दोन्ही हवेत, आणि सीरम शक्यतो जखमेच्या आतच टोचायचे. घोड्याच्या रक्तापासूनचे सीरम किलोमागे ४० युनिट लागते. साठ किलोच्या गड्याला २४००. पहिल्या सुईपासून सात दिवसांच्या आत ते द्यावे लागते.

आणि इथे सरकारचा अर्धा दोष सुरू होतो. याच कामाचे नव्या तऱ्हेचे औषध पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१७ मध्ये बाजारात आणले. औषध आपल्याच राज्यात होते, मग कापूस-ज्वारीच्या शिवारापर्यंत यायला त्याला वाट का सापडत नाही? रातच्या वेळी ज्वारीची राखण आम्ही करायची, कोल्ह्या-कुत्र्याच्या तोंडी आम्ही जायचे, आणि सीरम ठेवायचे जिल्ह्याच्या गावी! खेप कमी येते, असे सांगतात. मग खेप तिथे द्या, जिथून दवाखाना लांब आहे. २०३० पर्यंत कुत्र्यापासूनचा रेबीज देशातून घालवायचा, असा राष्ट्रीय आराखडा २०२१ मध्ये निघाला. २०२३ च्या नियमांनी कुत्र्यांची नसबंदी आणि लस हे काम ग्रामपंचायतीवरही टाकले. काम टाकले, पैसा कुठे आहे?

जनावरांचेही सांगून ठेवतो. गाय-बैलाला चावले तर जखम तशीच धुवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा; जनावरालाही चावल्यानंतरची लस असते. पिसाळलेल्या म्हशीचे दूध प्यालो म्हणून सगळे गाव दवाखान्यात धावते. दूध उकळलेले असेल तर भीती नाही. मात्र तिच्या तोंडात उघडा हात घालून औषध पाजणारा गडी खरा धोक्यात असतो, आणि त्याची आठवण कोणाला होत नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात जाऊन चार गोष्टी विचाराव्यात: लस किती शिल्लक, सीरम आहे का, ते जखमेत टोचणारा डॉक्टर आहे का, आणि वीज गेल्यावर फ्रीजचे काय करतात. उत्तर तारखेसह लिहून आणावे. देत नसतील तर तेही लिहावे. सगळे कागद एकत्र बांधून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवायचे आहेत.