डिस्कची वाटणी

ऑपरेटिंग सिस्टीम बसवताना इन्स्टॉलर जे प्रश्न विचारतो, त्यांपैकी भाषा, कीबोर्ड, टाइम झोन, पासवर्ड यांची उत्तरं नंतर केव्हाही बदलता येतात. डिस्कची पार्टिशनं कशी पाडायची, या एका प्रश्नाचं उत्तर चुकलं, तर निस्तरायला अख्खा रविवार जातो आणि बॅकअप नसेल तर फोटोही जातात.

पार्टिशनं कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात, याची नोंद डिस्कवरच्या एका तक्त्यात असते. जुना तक्ता एमबीआर १९८३ साली पीसी डॉस २.० बरोबर आला. त्यात चारच मुख्य पार्टिशनं बसतात आणि नेहमीच्या ५१२ बाइटच्या सेक्टरवर तो सुमारे दोन टीबीच्या पुढे मोजू शकत नाही. नव्या जीपीटीत साधारणपणे १२८ नोंदींची सोय असते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. मशीन फारच जुनं नसेल, तर इथे विचार करण्यासारखं काही नाही. जीपीटीच घ्यावं.

खरा पेच पडतो तो आधीपासून विंडोज असलेल्या लॅपटॉपवर लिनक्स बसवताना. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये सुमारे ४७७ जीबी दिसते आणि लिनक्सच्या बऱ्याच इन्स्टॉलरमध्ये पुन्हा ५१२. काहीही गहाळ झालेलं नसतं, फक्त मोजण्याची एककं वेगळी असतात. डिस्कच्या सुरुवातीला बहुधा १०० एमबीचं ईएफआय पार्टिशन असतं, मग १६ एमबीची विंडोजची राखीव पट्टी, मग सी ड्राइव्ह आणि शेवटी रिकव्हरी. ईएफआय पार्टिशनवर बूटलोडर राहतो. लिनक्सला तेच वापरायला द्यायचं, पण फॉरमॅट करायचं नाही. डेबियन किंवा उबुंटूला १०० एमबी पुरतात. पॉप ओएस मात्र कर्नलही तिथेच ठेवते, तिला ती जागा अपुरी पडते.

सी ड्राइव्ह लहान करायचा तो विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून. त्याआधी बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी आणि फास्ट स्टार्टअप बंद करावं. ते चालू राहिलं, तर शटडाउननंतरही विंडोज अर्धवट झोपलेलं असतं आणि लिनक्सला त्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. ड्राइव्हवर निम्मी जागा मोकळी असूनही विंडोज कधी कधी थोडीच सोडायला तयार होतं, कारण पेजफाइल आणि हायबरनेशनची फाइल मध्येच ठाण मांडून बसलेली असते.

समजा, अशी १५० जीबी जागा मोकळी झाली. डेबियनचा इन्स्टॉलर जे पर्याय पुढे ठेवतो, त्यांतले मुख्य तीन असे: सगळं एकाच पार्टिशनवर, होम वेगळं, किंवा होम, व्हार आणि टेम्प तिन्ही वेगळी. तिसरा पर्याय जाणकारांचा वाटतो आणि घरच्या मशीनवर तोच सर्वांत जास्त छळतो. सर्व्हरवर त्याला अर्थ आहे, कारण तिथे लॉग फुगून व्हार भरलं, तरी रूट शाबूत राहतं. युनिक्स घडलं, तेव्हा डिस्क इतक्या लहान होत्या की एक भरली की पुढचा संसार दुसरीवर हलवावा लागे. लॅपटॉपवर यांतलं एकही कारण नसतं.

होम वेगळं ठेवण्याचा फायदा मात्र खरा आहे. उद्या डिस्ट्रो बदलली, तर रूट पुसून नवी बसवता येते आणि फाइली जागच्या जागी राहतात. अडचण मापाची आहे. रूटला २० जीबी दिले, तर फ्लॅटपॅक, डॉकर आणि जुने कर्नल ते वर्षभरात सहज भरून टाकतात. अपडेट मध्येच थांबतं, ‘जागा नाही’ म्हणतं आणि शेजारी होमवर ९० जीबी रिकामे पडलेले असतात. ईएक्सटी४ फाइल सिस्टीम पाच टक्के जागा रूट युजरसाठी राखून ठेवते, त्यामुळे साध्या प्रोग्रामला डिस्क थोडी आधीच भरलेली दिसते. अशा वेळी बांध कोरावा तसं हळूच शेजाऱ्याच्या हद्दीत शिरता येत नाही. पार्टिशन वाढतं ते लागून असलेल्या मोकळ्या जागेतच. होमची सुरुवात पुढे सरकवायची, तर त्यातला सगळा डेटा उचलून पुढे लिहावा लागतो आणि त्या तासाभरात वीज गेली, तर प्रकरण हाताबाहेर जातं. म्हणून १५० जीबीत रूटला ६० आणि उरलेलं होमला ही वाटणी ठीक. एकूण जागा १०० च्या आत असेल, तर एकच पार्टिशन बरं.

स्वॅप रॅमच्या दुप्पट ठेवण्याचा नियम रॅम एमबीत मोजली जायची तेव्हाचा. १६ जीबी रॅमच्या मशीनवर त्यापायी ३२ जीबी अडवणं निव्वळ उधळपट्टी आहे. उबुंटूने १७.०४ पासून नेहमीच्या इन्स्टॉलेशनमध्ये स्वॅपचं वेगळं पार्टिशन सोडून फाइल वापरायला सुरुवात केली, आणि फाइल हवी तेव्हा लहानमोठी करता येते. हायबरनेट करायचं असेल, तरच रॅमएवढी जागा धरावी.

हद्दी ठरवण्याचा हा त्रास बीटीआरएफएस बराचसा टाळते. तिच्यात रूट आणि होम ही सबव्हॉल्यूम असतात आणि दोन्ही एकाच साठ्यातून लागेल तेवढी जागा घेतात. फेडोराच्या डेस्कटॉप आवृत्त्यांनी २०२० मध्ये, ३३ व्या आवृत्तीपासून, तीच मूळ निवड केली. एलव्हीएमही हद्दी सैल करतो, पण त्यावरची फाइल सिस्टीम एक्सएफएस असेल, तर ती वाढवता येते, लहान करता येत नाही. डिस्क एन्क्रिप्ट करायची असेल, तर तेही याच पायरीवर ठरवावं. नंतर करणं शक्य असलं, तरी किचकट आहे.

बहुतेक इन्स्टॉलर शेवटच्या होकारापर्यंत डिस्कला हात लावत नाहीत. त्या पडद्यावर फॉरमॅट होणाऱ्या पार्टिशनांची यादी येते. त्यात ईएफआय नाही ना आणि निवडलेली डिस्क पेनड्राइव्ह किंवा बॅकअपची बाहेरची डिस्क तर नाही ना, हे नावावरून नव्हे तर आकारावरून पाहावं, कारण एसडीए आणि एसडीबी या नावांची पुढच्या बूटला अदलाबदल होऊ शकते. बदल डिस्कवर लिहायचे का, या शेवटच्या प्रश्नाला डेबियन आधीपासून ‘नाही’ हेच उत्तर निवडून ठेवतो.