अहिल्याबाईंचा रंग

२०२५ साली अहिल्याबाई होळकरांच्या जन्माला तीनशे वर्षे झाली. त्यांचे जन्मगाव चौंडी आमच्या कड्याच्या शेजारच्याच जामखेड तालुक्यातले. तेव्हा आमच्या मुलींनी गॅदरिंगसाठी त्यांच्यावर एक प्रवेश बसवायचे ठरवले, यात नवल नाही. नवल एवढेच की, वेशभूषा-रंगभूषेवर देखरेख ठेवण्याचे काम माझ्याकडे आले! मराठी शिकवणाऱ्या माणसाला सगळेच येते, असा खेड्यातल्या कॉलेजात एक गोड समज असतो. निमंत्रणपत्रिकेच्या मजकुरापासून हारतुऱ्यांच्या खरेदीपर्यंत सारे आमच्याच गळ्यात. त्यात हे एक.

रंगवणारी मुलगी दुसऱ्या वर्षाची. नगरला (कागदोपत्री आता अहिल्यानगर) जाऊन ती ब्युटी पार्लरचा कोर्स करते. ती म्हणाली, "सर, मला नुसतं नाटकाचं तोंड रंगवायचं नाही. अहिल्याबाईंवरून आजच्या मुलीला करता येईल असा लूक बसवायचाय. मॅडमकडं परीक्षेला तोच दाखवणारे मी."

'लूक' या शब्दाला मी आता सरावलो आहे. २०१५ साली 'बाजीराव मस्तानी' चित्रपट आला, आणि तेव्हापासून आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात एक तरी पेशवाई लूक असतोच. कपाळावर चंद्रकोर, नाकात नथ, खोपा आणि गजरा. यात वाईट काही नाही. फक्त गंमत अशी, की त्या काळच्या बायका फणेरपेटीतून आधी बोटाने मेण लावीत, त्यावर पिंजर दाबून बसवीत. हळकुंडाला लिंबाचा रस आणि टाकणखार पाजून ते कुंकू घरी होत असे. आज चंद्रकोर पाकिटातून निघते आणि संध्याकाळी आरशावर जाऊन बसते. आणखी एक गोष्ट या लूकवाल्या मंडळींनी साफ वगळली आहे, ती म्हणजे दातवण. मायफळ, हिराकस अशा जिनसांची काळी पूड लावून सुवासिनी दात काळे करीत, आणि ते सौंदर्याचे लक्षण समजले जाई. पोथ्या लिहायची काळी शाईही कधी कधी अशाच जिनसांची व्हायची, म्हणून मला हे दातवण उगीचच आपल्या खात्यातले वाटते. पण पेशवाई लूकच्या नवरीला दात काळे कर म्हणून सांगून पाहा! जुन्यातले काय घ्यायचे आणि काय टाकायचे, हे शेवटी आपणच ठरवतो. काळाच्या नावावर खपवतो, इतकेच.

असो. अहिल्याबाईंचे काम करणारी मुलगी काळीसावळी. आईबाप दर साल ऊसतोडीला जातात. मुलीचा आवाज मात्र असा खणखणीत, की मागच्या रांगेला ध्वनिक्षेपक लागू नये. रंगीत तालमीच्या दिवशी ती खोलीतून बाहेर आली, ती मडक्याला चुना फासावा तशी. तोंड पांढरे-गुलाबी, मान आणि हात आपल्या मूळ रंगाचे. आणि वाचकहो, मी काय म्हणालो असेन? "वा! आता राणी शोभतेस!"

ती हसली नाही. पदर सारखा करीत उभी राहिली.

त्या रात्री लुगड्याला काठ असावा की नसावा, एवढे पाहण्यासाठी मी सर जॉन माल्कमचे मध्य हिंदुस्थानावरचे १८२३ चे पुस्तक उघडले. हा इंग्रज अधिकारी अहिल्याबाईंच्या मृत्यूनंतर वीसएक वर्षांनी माळव्यात आला आणि त्यांना पाहिलेल्या माणसांकडून त्याने माहिती गोळा केली. लुगडे सापडले : पांढरे, बिनकाठाचे. दागिना म्हणजे गळ्यात एक लहानशी माळ. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले, तेव्हापासूनचा हा वेश. पण त्याच मजकुरात पुढे होते, की बाई मध्यम उंचीच्या, अंगाने अगदी कृश, आणि रंगाने सावळ्या. राघोबादादांच्या आनंदीबाईंना म्हणे यांच्या कीर्तीचा हेवा वाटे. आपण देखण्या, तेव्हा त्या कशा दिसतात ते पाहायला त्यांनी दासी पाठवली. दासीने परत येऊन सांगितले की, रूप नाही, पण चेहऱ्यावर काही दैवी तेज आहे.

मी पुस्तक मिटले. मराठीचा पदव्युत्तर पदवीधर, वर्षानुवर्षे वर्गात सावळ्या विठ्ठलावर व्याख्याने झोडणारा, आणि एका सावळ्या राणीला गोरी करून वर शाबासकी देणारा!

गोरेपणाचा हा सोस आपल्याच देशाचा नाही. इंग्लंडात कॉव्हेंट्रीची काउंटेस मरिया १७६० साली ऐन तारुण्यात गेली, ती तोंडाला लावायच्या शिशाच्या सफेद्याने, असे मानतात. ते दूरचे झाले. अकोल्याच्या एका घरातल्या मायलेकींची मूत्रपिंडे गोरेपणाच्या क्रीममधल्या पाऱ्याने बिघडल्याची बातमी २०२३ सालची. तेव्हा पांढऱ्या डब्यांकडे पाहून नुसते हसण्यात अर्थ नाही.

सकाळी दोघींना बोलावले. आधी माझ्या कालच्या शाबासकीबद्दल त्या मुलीची माफी मागितली. ती "असू द्या ना, सर" म्हणाली, पण माझ्याकडे न बघता म्हणाली. मग माल्कमचा मजकूर मराठी करून सांगितला. रंगवणारी अडली. "सर, माझ्या पेटीत एवढा गडद रंगच नाही. क्लासात नवरी नेहमी दोन शेड वर घ्यायला शिकवतात."

तिने मग दोन गडद डब्या नगरहून आणल्या, खिडकीच्या उजेडात हनुवटीच्या कडेला लावून पाहिल्या, आणि एकीत दुसरी मिसळून मानेशी जुळेल असा रंग केला. गुलाबी लाली बाजूला ठेवून गालाला किंचित विटकरी छटा दिली. ओठ जवळपास आपल्याच रंगाचे. भुवया कोरल्या नाहीत, काजळाची रेघ बारीक. तेल लावून मधोमध भांग. नाटकापुरते कपाळ रिकामे होते. परीक्षेच्या लूकमध्ये काय करायचे म्हणून तिने विचारले. मी म्हटले, ते जिचे कपाळ तिला विचार.

प्रवेशाच्या रात्री दिव्यांच्या झोतात तो चेहरा तांब्याच्या भांड्यासारखा उजळला. मुलीचे आईबाप तेव्हा कारखान्यावर होते. मैत्रिणीने फोनवर चित्रण पाठवले, ते त्यांनी कोपीत पाहिले म्हणे. आईने एवढेच विचारले, "तोंडाला काही लावलं न्हाई का गं?"

परीक्षेच्या वहीत रंगाचे नाव मराठीत लिहायचे होते. माल्कमचा शब्द ऑलिव्हच्या फळावरून आलेला, ते कड्यात कोणी पाहिलेय? मी निमगोरा, गव्हाळ, सावळा असे सगळे शब्द पुढे केले. निमगोऱ्यात पुन्हा गोरा आहेच, हे तिनेच दाखवून दिले. थोडा वेळ डबी उलटसुलट करून तिने झाकणावर चिकटपट्टी लावली आणि पेनने लिहिले : 'बाजरी'.