दुजाभाव कशासाठी?

गणेशोत्सव सरला की पेण, हमरापूर, जोहे परिसरातील मूर्तिशाळांत पुढील वर्षाची तयारी सुरू होते. माती, रंग, मजुरी, कर्जाचे व्याज हा सारा भार मूर्तिकाराने आधी सोसायचा आणि मोठी रक्कम हाती यायची ती भाद्रपदाच्या तोंडावर. मधल्या काळात घरात मोठे दुखणे उद्भवले, तर त्याच्या पाठीशी ना कंपनी असते, ना भरपगारी रजा. त्याच जिल्ह्यात रोह्यालगतच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतील नोकरदाराचा आरोग्यविमा मात्र पुष्कळदा कंपनीच उतरवते. आजार दोघांनाही सारखाच. आयकर कायद्याची दृष्टी मात्र सारखी नाही.

समजा, दोन्ही कुटुंबांचा वार्षिक हप्ता ४० हजार रुपये आहे. कंपनीने मान्य योजनेखाली भरलेला संपूर्ण हप्ता तिचा व्यावसायिक खर्च ठरतो आणि कर्मचाऱ्याच्या करपात्र उत्पन्नातही तो धरला जात नाही. स्वतंत्र व्यावसायिकाने स्वतःसाठी भरलेला हप्ता मात्र त्याचा खासगी खर्च मानला जातो. '८० ड' या नावाने परिचित असलेली वजावट त्याला जुन्या करपद्धतीतच मिळते, तीही साठीच्या आतील कुटुंबासाठी २५ हजारांपर्यंत. आईवडिलांच्या विम्यासाठी वेगळी मर्यादा आहे. ते ज्येष्ठ नागरिक असल्यास ती ५० हजार. २०२३-२४ पासून मूळ पद्धत ठरलेल्या नव्या करपद्धतीत ही वजावटच नाही. शिवाय पगारदाराला दरवर्षी पद्धत निवडता येते. व्यावसायिक जुन्या पद्धतीत गेला, तर त्याला एकदाच परतता येते. १९६१च्या कायद्याची जागा २०२५च्या कायद्याने घेतली, कलमांचे क्रमांक बदलले; हा दुजाभाव तसाच राहिला.

नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर कर नाही, मग तक्रार कसली, असे कोणी विचारील. लहान कारागिराला तो दिलासा आहेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के जीएसटी रद्द झाला, हेही स्वागतार्ह. परंतु ही मर्यादा ओलांडणारा मूर्तिशाळेचा मालक, व्यापारी वा डॉक्टर हा इतरांच्या हाताला काम देणारा आहे. कामगारांच्या विम्याचा हप्ता त्याने भरला, तर तो खर्च ठरतो. स्वतःच्या कुटुंबाचा भरला, तर ठरत नाही, हे कोणते तर्कशास्त्र? अमेरिकेसारख्या देशाने २००३ पासून स्वयंरोजगारितांना पात्र हप्त्याची पूर्ण वजावट दिली आहे. स्वावलंबनाचा गौरव करणाऱ्या आपल्या देशाला ते अशक्य का असावे?

मालकाच्या कुटुंबाचा हप्ता वाजवी मर्यादेत, दोन्ही करपद्धतींत व्यावसायिक खर्च मानावा, ही मागणी लोकप्रतिनिधींपर्यंत नेली पाहिजे. तोवर जुनी पद्धत स्वीकारलेल्यांनी हप्ता रोखीने न भरता बँकेमार्फत भरावा. रोखीच्या हप्त्याला वजावट नाही, हे रोखीच्या व्यवहारात वावरणाऱ्या अनेकांच्या गावीही नसते. कार्यकर्त्यांनी आणि करसल्लागारांनी एवढे सांगितले, तरी काही घरांचा पैसा वाचेल.

१९५६च्या आरंभी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा निर्णय झाला, तेव्हा अर्थमंत्रिपदी होते याच जिल्ह्यातील नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख. विमा हा सामान्य कुटुंबाचा आधार आहे, हे देशाला तेव्हा उमगले होते. तो आधार स्वतःच्या कष्टांतून उभा करणाऱ्याला करकायद्याने परके मानू नये.